एक्केचाळीस नंबर

गेल्या जूनमध्ये सलग नऊ दिवस मी रोज रात्री एक उद्योग करत होते. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या कपाटाखाली एक काळा डबा आहे. त्याचा प्लग काढायचा, मनात वीस आकडे मोजायचे, प्लग परत लावायचा. दोन-तीन मिनिटांनी ठाण्याहून दादाचा फोन, "आला गं आईचा फोटो." मग मी जेवायला बसायची.

डबा म्हणजे नातवाचा जुना कॉम्प्युटर. तो नोकरीसाठी जर्मनीला गेला तेव्हा 'टाकून देऊ नकोस, मी वापरीन' असं मीच म्हटलं होतं. मागच्या दिवाळीला आला तेव्हा त्याने त्यावर लिनक्स घातलं आणि घरातले सगळे जुने फोटो, पत्रं, माझ्या टाचणवह्या आणि डायऱ्या मी एकेक करून स्कॅन करायच्या आणि त्यात ठेवायच्या असं ठरलं. (निवृत्त माणसाला काम कसं लावायचं हे या मुलाला बरोबर कळतं.) माझा भाऊ, दादा, नौपाड्यात राहतो. वय वर्षं ८४. गुडघ्यांमुळे आता खाली उतरणं बंद झालंय. रात्री साडेआठला तो टॅबलेट मांडीवर घेतो आणि मी त्या दिवशी काय चढवलं ते बघतो. दिवसभरात तो ज्याची वाट बघतो अशा गोष्टी आता दोनच उरल्यात, एक हे फोटो आणि दुसरा दुपारचा चहा.

डोंबिवलीतल्या माझ्या डब्यातलं ठाण्यातल्या दादाच्या टॅबलेटवर आणि तिकडे नातवाच्या कॉम्प्युटरवर दिसावं, पण बाकी कोणाला दिसू नये, यासाठी नातवाने मध्ये एक 'बोगदा' खणला आहे. बोगदा हा त्याचाच शब्द. मला लगेच पारसिक आठवला. आमच्या नोकरीच्या काळात डोंबिवलीहून निघालेली फास्ट लोकल दिवा सोडलं की पारसिकच्या बोगद्यात शिरायची, बाहेर काय आहे ते कळायचं नाही आणि बाहेर पडली की थोड्याच वेळात ठाणं. सव्वा-दीड किलोमीटरचा, १९१६ साली खुला झालेला बोगदा. नातवाचा बोगदा तसाच. आत काय चाललंय ते डोंगराला कळत नाही, फक्त दोन्ही तोंडांना कळतं.

पण हा बोगदा रोज बुजायचा. घरचं इंटरनेट दिवसातून एकदा तरी क्षणभर जातंच. ते परत यायचं, टीव्ही चालायचा, मोबाईल चालायचा, बोगदा मात्र बंद. प्लग काढून लावला की चालू. मला वाटलं, आपल्याला उपाय सापडला. शाळेत असताना पंखा बंद पडला की आमचा शिपाई काठीने ढकलून सुरू करायचा, त्यातलाच प्रकार. नातवाला सांगितलंच नाही. दहाव्या दिवशी बोलता बोलता सहज सांगितलं तर तो एकदम ओरडलाच. "आजी, चालू कॉम्प्युटरचा प्लग असा रोज काढत नाहीत गं!"

मग रविवारी त्याने तिकडून डब्यात डोकावून पाहिलं. (प्लग लावून दिल्यावर, अर्थात.) प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःची एक दैनंदिनी लिहीत असतो म्हणे. त्यात रोज त्याच वेळेला एकच ओळ होती. त्याने ती मला वाचून दाखवली आणि मी वहीत देवनागरीत उतरवून घेतली : "कॅनॉट आयऑक्टल टनसेटआयएफएफ, ऑपरेशन नॉट परमिटेड." पहिले तीन शब्द डोक्यावरून गेले. शेवटचे तीन चांगले कळले. परवानगी नाही!

"कसली परवानगी? आणि काल होती ती आज का नाही?" असं मी विचारलं आणि पुढचे तीन रविवार त्याने मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते आहे. बी.ए. मराठी बाईने लिहिलंय हे लक्षात घेऊन जाणकारांनी सांभाळून घ्यावं, पण चूक असेल तर सांगावं मात्र जरूर.

कॉम्प्युटरच्या आत एक कर्नल असतो. हा लष्करातला कर्नल नव्हे, जरी वागणं साधारण तसंच. कर्नल म्हणजे गर, गाभा. मेमरी कोणाला किती, डिस्कवर कोणी लिहायचं, नेटवर्कवर कोणी बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. बाकीचे प्रोग्रॅम, म्हणजे आपण वापरतो ते सगळे, त्याच्या बाहेरच्या अंगणात. त्या अंगणाला म्हणतात यूजरस्पेस. अंगणातल्या कोणालाही थेट आत जाता येत नाही. खिडकीवर अर्ज करायचा, आतून उत्तर येतं.

आता नेटवर्कचं कार्ड ही खरीखुरी वस्तू असते, तिच्या पलीकडच्या टोकाला वायर असते. पण कर्नल खोटं कार्डही तयार करून देतो. त्याचं नाव टन. (वजनाचा टन नव्हे. इंग्रजीतल्या बोगद्याचं ते लघुरूप आहे. मी आधी एक हजार किलोच समजले होते.) बाकीच्या कॉम्प्युटरला वाटतं की हे नेहमीसारखं कार्ड आहे. त्याला पत्ता असतो, त्याच्याकडे जाणारे रस्ते लिहिलेले असतात. पण त्याच्या पलीकडे वायर नसते, एक प्रोग्रॅम बसलेला असतो. कर्नलने या कार्डावर टाकलेलं प्रत्येक पाकीट त्या प्रोग्रॅमच्या हातात पडतं, तो ते कुलूपबंद करतो आणि खऱ्या इंटरनेटवरून पलीकडच्या तोंडाला धाडतो. तिथला प्रोग्रॅम कुलूप उघडतो. झाला बोगदा. लिनक्समधल्या या सोयीच्या कागदपत्रावर माक्सिम क्रास्न्यान्स्की या माणसाचं नाव आणि १९९९-२००० ही वर्षं आहेत. आणि आमच्या डब्यात चालतो तो ओपनव्हीपीएन नावाचा प्रोग्रॅम जेम्स योनान या गृहस्थांनी २००१ साली पहिल्यांदा बाहेर काढला. मध्य आशियात फिरत असताना त्यांना तिथून आपल्या अमेरिकेतल्या ऑफिसशी जोडून घ्यायचं होतं, पण मधल्या अनोळखी वाटांचा भरवसा वाटेना. त्यामानाने आमचं डोंबिवली-नौपाडा म्हणजे अगदीच हाकेच्या अंतरावर.

तर प्रोग्रॅम सुरू झाला की खिडकीवर जातो आणि अर्ज करतो, मला अमुक नावाचं कार्ड द्या. त्या अर्जाचं नाव टनसेटआयएफएफ. कार्ड मिळतं. आणि प्रोग्रॅम मेला किंवा त्याने हातातला बिल्ला सोडला की त्या क्षणी कर्नल कार्ड मोडीत काढतो. पत्ता गेला, रस्ते गेले, सगळं साफ. नेहमीचा नियम हाच आहे.

मग परवानगीचं काय? सांगते. असा अर्ज करायला मोठा अधिकार लागतो. ओपनव्हीपीएन सुरू होताना तो अधिकार घेऊन येतो, कार्ड मिळवतो आणि मग सुरक्षिततेसाठी अधिकार परत करून टाकतो. जगाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या खिशात घराच्या सगळ्या किल्ल्या असू नयेत म्हणून. हे मला फार पटलं. आमच्याकडे प्रयोगशाळेची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात असायची. विज्ञानाच्या बाई सकाळी ती घेऊन प्रयोगशाळा उघडायच्या आणि किल्ली लगेच परत नेऊन द्यायच्या. दिवसभर आत काम चालायचं. पण मध्येच कोणी दार ओढून घेतलं तर? बाई बाहेर, किल्ली टेबलात आणि मुख्याध्यापक मीटिंगला. आमच्या डब्यात रोज हेच होत होतं. लाईन तुटली की प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा, हातातलं कार्ड सोडायचा आणि नव्याने मागायला खिडकीवर जायचा. आतून उत्तर : परवानगी नाही. प्लग काढून लावला की सगळंच नव्याने, किल्लीसकट. म्हणून माझी काठी चालत होती.

नातवाने तिकडून सेटिंगच्या फाईलमध्ये एक शब्द घातला, 'पर्सिस्ट-टन'. चिकटून राहा, सोडू नकोस. लाईन तुटली तरी कार्ड हातातच धरून ठेवायचं, दार ओढायचंच नाही. बारा दिवस सगळं सुरळीत. दादा खूष. त्याच्या मुंजीचे फोटो चढवून झाले.

तेराव्या दिवशी पुन्हा बंद.

या वेळी दैनंदिनीत वेगळी ओळ होती. तिचा मथितार्थ असा की परत जोडून घेताना पलीकडून मिळालेल्या सूचना पूर्वीपेक्षा वेगळ्या आहेत, सबब कार्ड बंद करून पुन्हा उघडावं लागेल. मधल्या वेळात पलीकडच्या तोंडाने डब्याचा जुना पत्ता दुसऱ्याच कोणाला देऊन टाकला होता. (दुसरं कोण? दादाचा टॅबलेटच निघाला.) नवा पत्ता आला म्हणून प्रोग्रॅमने हातातलं कार्ड सोडलं, नवं मागायला गेला आणि पुन्हा तेच, परवानगी नाही.

"म्हणजे चिकटून राहा सांगूनही सुटलंच ना?" मी म्हटलं. तेव्हा त्याने मला दोन चिकाट्यांमधला फरक सांगितला. नावं सारखी असल्यामुळे मोठमोठे लोकही इथे गोंधळतात म्हणे, त्यामुळे मला जरा बरं वाटलं. पहिली चिकाटी प्रोग्रॅमची. तो जिवंत आहे तोवर कार्ड धरून ठेवतो, पण तो मेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं. दुसरी चिकाटी कर्नलची. कार्ड तयार करून त्यावर खूण करून ठेवता येते की हे मोडू नका, धरणारा नसला तरी राहू द्या. आणि त्यावर मालकाचं नाव घालता येतं. मग प्रोग्रॅम मरो, पुन्हा जन्माला येवो, कार्ड जागच्या जागी. नव्याने आलेल्या प्रोग्रॅमने फक्त खिडकीवर जायचं आणि त्याच नावाने अर्ज करायचा. त्या नावाचं कार्ड आहे? आहे. मागणारा मालक आहे? आहे. मग घ्या. मोठ्या किल्लीची गरज नाही.

लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तसं, असं मी म्हणणार होते. पण ते तसं नाही. रुमाल कोणीही उचलून खिशात घालतो, हे डोंबिवलीकरांना सांगायला नको.

परत जोडून घ्यायला काही अटी आहेत आणि त्या कडक आहेत. नाव अक्षराअक्षराने तेच हवं. नाव सांगितलंच नाही तर कर्नल आपल्या मनाने पुढचा रिकामा नंबर देतो, आणि मग सगळे रस्ते शून्य नंबरकडे जाताहेत आणि प्रोग्रॅम बसलाय एक नंबरवर, अशी गंमत होते. कार्डाची जातही तीच हवी (टनसारखीच टॅप नावाची दुसरी जात आहे, तिच्या खोलात शिरत नाही). आणि त्या वेळी ते कार्ड दुसऱ्या कोणी धरलेलं नसावं.

ही शेवटची अट मी स्वतःच मोडून पाहिली. नातवाने मला प्रोग्रॅम सुरू करायची एक ओळ लिहून दिली होती. एके संध्याकाळी फोटो दिसेनात म्हणून मी ती चालवली. मुळात आधीचा प्रोग्रॅम चालूच होता, दादाच्या टॅबलेटची बॅटरी संपली होती. माझ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला आतून उत्तर आलं, "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी." त्या जागेवर कोणीतरी बसलेलं आहे.

पण हे जरा पुढचं झालं. कार्ड तयार करताना त्याने मला विचारलं होतं, "आजी, नाव काय ठेवू? पंधरा अक्षरांच्या आत हवं. नुसतं टन-झीरो ठेवलं तरी चालेल."

मी म्हटलं, "टन-एक्केचाळीस ठेव."

"एक्केचाळीस का?"

"असंच."

असंच नव्हतं. त्याच्या आधी मी त्याला एक प्रश्न विचारला होता. प्रोग्रॅम मेलेला आहे, कार्ड जागेवर आहे, पत्ता आहे, रस्ते आहेत. मग त्या मधल्या वेळात त्या कार्डाकडे जी पाकिटं आली त्यांचं काय होतं? कर्नल ती बाजूला काढून ठेवतो का? तो म्हणाला, "नाही आजी. ती टाकून देतो. रांगेत असलेलीसुद्धा. कार्डावर 'पलीकडे कोणी नाही' अशी खूण दिसते, रस्त्यांपुढे लाईन बंद असल्याचा शेरा दिसतो, पण मधलं काही साठवत नाहीत. परत येणाऱ्याला त्याची जागा मिळते, चुकलेलं मिळत नाही." त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं आणि पुढे काहीतरी टाइप करायला लागला. मी मात्र त्याच आठवड्यात माझी १९८२ ची डायरी स्कॅन केली होती.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार. डोंबिवली-कल्याणकडून रोज परळ-लालबागला गिरणीत जाणारे कितीतरी बाप होते, आमच्या शाळेत त्यांची मुलं होती. पहिले काही दिवस वाटलं, मिटेल. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही हे सगळ्यांना माहीतच आहे. फेब्रुवारीपासून घरं बंद व्हायला लागली. इथे भाडं आणि दूध परवडेना, गावाला निदान तांदूळ तरी होता. माझ्याकडे आठवीचा वर्ग होता, ६२ मुलं. एक्केचाळीस नंबरचा मुलगा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात यायचा बंद झाला. ना चिठ्ठी, ना निरोप. मी रोज त्याच्यापुढे गैरहजेरीची खूण करत गेले.

हजेरीपटाला दर महिन्याला नवं पान. नावं पुन्हा पहिल्यापासून लिहायची. महिनाभर बिनापरवानगी गैरहजर राहिला तर नाव कमी करायचं, हा आमच्या शाळेचा शिरस्ता. मार्चच्या पानावर मी त्याचं नाव लिहिलं नाही. आणि तेवढ्यावर थांबले नाही. मला नीटनेटकेपणाची फार हौस. मध्ये रिकामा नंबर दिसायला बरा दिसत नाही म्हणून बेचाळीसचा एक्केचाळीस केला, त्रेचाळीसचा बेचाळीस, असं शेवटपर्यंत. ६१ नावं, एकही भोक नाही. मुख्याध्यापकांनी पान बघून अक्षराचं कौतुक केलं होतं, तेही डायरीत आहे.

मार्चच्या शेवटी तो आला. परीक्षा जवळ आल्याचं कोणाकडून तरी कळलं असावं. मी वर्गात शिरले तेव्हा तो आपल्या जुन्या बाकावर बसलेला होता. उन्हाने काळा झालेला, केस बारीक कापलेले. मी पाहिलं आणि नेहमीप्रमाणे हजेरी घ्यायला लागले, तेव्हा आम्ही नंबरानेच घ्यायचो. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. दोन ठिकाणांहून 'हजर' आलं. एक त्याच्या पुढच्या बाकावरून आणि एक त्याच्याकडून. वर्ग हसला. मी म्हटलं, "तू नंतर भेट." आणि पुढचे नंबर घेतले. एकसष्टपर्यंत तो आपला नंबर येतो का ते ऐकत होता. मी वर पाहिलं नाही तरी ते मला कळत होतं.

मधल्या सुट्टीत तो भेटला. वडील कुठे आहेत, गाव कुठलं, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. त्याला मुख्याध्यापकांकडे नेलं. नाव कमी झालेलं होतं, हजेरी पुरत नव्हती, परीक्षेला बसता येणार नव्हतं. जूनमध्ये आईला घेऊन ये, परत आठवीत प्रवेश देऊ, असं सांगितलं. जूनमध्ये तो आला नाही.

इथपर्यंत सगळं नियमाने झालं असं म्हणता येईल, आणि मी पुष्कळ वर्षं तसं म्हणतही होते. पण शेजारच्या तुकडीचे गणिताचे सर होते. त्यांच्याही वर्गात गिरणीवाल्यांची दोन मुलं गावी गेली होती. त्यांनी मार्चच्या पानावर दोघांची नावं लिहिली, नंबर तेच ठेवले आणि समासात पेन्सिलने लिहिलं, 'गावी. वडील संपात.' त्यासाठी त्यांना कोणाचा हुकूम लागला नव्हता. मुख्याध्यापकांना विचारलं, त्यांनी मान हलवली. ती दोन्ही मुलं एप्रिलमध्ये परीक्षेला बसली. एक नापास झाला, कारण दोन महिन्यांचं शिकवलेलं त्याला कोण देणार? पण तो शाळेत राहिला. हे मला त्याच वेळी माहीत होतं. शिक्षकांच्या खोलीत सर माझ्या समोरच बसायचे.

१९९६ च्या सुमाराला, डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेर एका माणसाने मला थांबवलं. "बाई, ओळखलंत का?" मी ओळखलं नाही. चेहरा अजिबात नाही. "मी एक्केचाळीस नंबर," तो म्हणाला आणि हसला. रात्रशाळेतून दहावी झाला होता, अंबरनाथला एका कारखान्यात कामाला होता, हातात मुलीची शाळेची वॉटरबॅग होती. मी काहीबाही बोलायला लागले, तेव्हाचा नियम वगैरे. तो म्हणाला, "नाही हो बाई, तसं काही नाही. पण माझा नंबर दुसऱ्याने म्हटला ना, ते काय ते डोक्यातून जात नाही." आणि त्याची गाडी आली म्हणून गेला. हसत हसतच गेला.

हे मी यापूर्वी कधी लिहिलं नव्हतं. घरीही सांगितलं नव्हतं. असो.

नातवाशी बोलताना पुढे असंही कळलं की सगळीच खोटी उपकरणं टनसारखी नसतात. कीबोर्डचं सोंग करणारं एक आहे, त्याचा प्रोग्रॅम गेला की तेही गेलं, ठेवायची सोयच नाही. प्रोग्रॅमने चालवलेलं फोल्डर असतं, तिथला प्रोग्रॅम मेला तर फोल्डर जागेवर दिसत राहतं, पण आत जाऊ पाहाल तर 'पलीकडचं टोक जोडलेलं नाही' अशी पाटी, आणि मग ते उपटून पुन्हा लावावं लागतं. आणि अगदी अलीकडचं, २०२२ सालचं, यूब्लॉक नावाचं एक आहे. ते खोट्या डिस्कचं. त्यात मात्र आपण तसं सांगून ठेवलं असेल तर प्रोग्रॅम मेल्यावर कर्नल नव्या मागण्या थांबवून ठेवतो, आणि आधीच मेलेल्याच्या हातात दिलेल्यासुद्धा, तेही सांगून ठेवलं असेल तर, नव्याने आलेल्याला पुन्हा देतो. म्हणजे मधलंही फुकट जात नाही. मी म्हटलं, मग सगळीकडे असंच का करत नाहीत? तो म्हणाला, धोका असतो. मेलेल्याने काम अर्धं केलं होतं की पूर्ण ते कळत नाही. तेच काम दोनदा झालं तर घोटाळा होऊ शकतो, म्हणून ज्याला दोनदा चालतं त्यानेच ते मागायचं. पाकिटांचं तसं नसतं. गेलेल्या पाकिटाची चौकशी पाठवणारा स्वतःच करतो, उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवतो. म्हणून कर्नलला ती टाकून देताना काही वाटत नाही. यावर मी बराच विचार केला. सर एप्रिलमध्ये त्या दोन मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून शिकवायचे, हेही तेव्हाच आठवलं.

आता डब्याचं सांगून संपवते. टन-एक्केचाळीस तयार झालं, त्यावर मालकाचं नाव घातलं. पलीकडच्या तोंडाने डब्याला पत्ता कायमचा नेमून दिला, तो आता दादाच्या टॅबलेटला मिळणार नाही. लाईन जाते, येते, प्रोग्रॅम मरतो, उठतो, आणि फोटो दिसत राहतात. मला वाटलं, संपलं.

एका दुपारी वीज गेली. आली तेव्हा टन-एक्केचाळीस नव्हतंच! माझा फार विरस झाला. कायमचं म्हणाला होतास ना? नातू हसला. "कर्नल जिवंत आहे तोवर कायमचं, आजी. कर्नलच झोपला तर त्याच्या मेमरीतलं सगळं गेलं. हजेरीपटच जळाला म्हण." हजेरीपट हा शब्द त्याने सहज वापरला, त्याला काही माहीत नव्हतं. मग त्याने डब्यात चार ओळींची एक फाईल ठेवली. यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी ती वाचली जाते. नाव, जात, मालक. त्यावरून कार्ड नव्याने तयार होतं आणि मग प्रोग्रॅम येतो. त्या चार ओळी मी वहीत उतरवून घेतल्या आहेत, पेन्सिलने.

गेल्या मंगळवारी पुन्हा वीज गेली, चांगली दोन तास. साडेसातला आली. मी डब्याला हात लावला नाही, नुसती समोर खुर्ची घेऊन बसले. साडेआठ झाले. आठ चाळीसला दादाचा फोन आला. मी धास्तावूनच उचलला. "काय रे, दिसत नाही का?"

"दिसतंय की," दादा म्हणाला. "कल्याणच्या मावशीच्या लग्नातला फोटो आहे. आईच्या शेजारी उभी आहे ती कोण गं? डावीकडून तिसरी."